बाबाचे महिने कुठे बसवायचे: जर्मनीतल्या एल्टर्नगेल्डचा हिशेब

जर्मनीत मूल झाल्यावर पालकांना सरकारकडून मिळणाऱ्या भत्त्याच्या, म्हणजे एल्टर्नगेल्डच्या, अर्जात एक तक्ता असतो. एका बाजूला बाळाचे महिने, पहिला, दुसरा, तिसरा असे ओळीने; दुसऱ्या बाजूला आईची चौकट आणि वडिलांची चौकट. कुठल्या महिन्यात कोण घरी राहणार, तिथे खूण करायची. मूल सांभाळण्याच्या वाटणीबद्दल नवरा-बायको एरवी वर्षानुवर्षं नुसतं बोलत राहतात, इथे ती सहीनिशी लिहून द्यावी लागते. आम्ही दोघांनी हा तक्ता भरला आणि नंतर ओळखीच्या मराठी जोडप्यांचे भरताना शेजारी बसलो. पैसे किंवा महिने जिथे हातचे जातात, त्या जागा ठरलेल्या आहेत. त्याच इथे सांगतो.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. एल्टर्नत्साइट म्हणजे नोकरीतून सुटी. ती मालकाला कळवायची असते, मागायची नसते. मूल तीन वर्षांचं होईपर्यंतच्या काळासाठी मालक ती नाकारू शकत नाही. आईला तीन वर्षं, वडिलांना वेगळी तीन वर्षं. या सुटीत पगार नाही. एल्टर्नगेल्ड म्हणजे त्या काळात सरकारकडून मिळणारे पैसे, आणि ते दुसऱ्याच कार्यालयाकडे मागायचे: बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये एल-बँक, बर्लिनमध्ये आपल्या भागाचं युगेंडआम्ट, म्हणजे बाल-युवक कार्यालय, बव्हेरियात झेडबीएफएस हे राज्याचं कुटुंब आणि समाजकल्याण कार्यालय. मालकाला पत्र दिलं म्हणजे पैशांचा अर्ज झाला असं नाही, आणि उलटही नाही. दोन्ही ठिकाणच्या तारखा एकमेकींशी जुळवण्याची जबाबदारी पूर्णपणे आपली.

ही योजना १ जानेवारी २००७ पासून आहे. मूळ प्रकाराला बेझिस म्हणतात. दोघांत मिळून १२ महिने, आणि दोघांनीही किमान दोन-दोन महिने घेतले तर आणखी २, असे १४. एकट्याला १२ पेक्षा जास्त नाहीत. म्हणजे वडिलांनी दोन महिने घेतले नाहीत तर ते आईला मिळत नाहीत, बुडतात. सगळ्या योजनेचा गाभा हाच आहे. सुरुवातीला बव्हेरियाच्या सीएसयू पक्षाचे पीटर रामसाउअर यांनी या दोन महिन्यांची 'लंगोट बदलण्याची उमेदवारी' अशी टिंगल केली होती. टिंगल विरली, महिने राहिले.

रक्कम जन्माआधीच्या निव्वळ पगाराच्या साधारण ६५ टक्के. किमान ३००, कमाल १,८०० युरो, आणि हे दोन्ही आकडे २००७ पासून जागचे हललेले नाहीत. निव्वळ पगार २,७७० युरोच्या वर कितीही असला तरी हिशेबात २,७७०च धरतात. त्यामुळे आयटीतल्या बऱ्याच जोडप्यांत दोघांनाही १,८०० पडतात, आणि 'ज्याचा पगार जास्त त्याने घरी का बसायचं' या वादाला आकड्यांचा आधार मिळतो. १ एप्रिल २०२५ पासून जन्मलेल्या मुलांसाठी एक मर्यादाही आहे: जोडप्याचं करपात्र उत्पन्न १,७५,००० युरोंच्या वर गेलं तर काहीच नाही. इथे करपात्र उत्पन्न बघतात, एकूण पगार नव्हे. घाबरून अर्जच न करणारे आम्ही पाहिले आहेत. आधी आयकर निर्धारणाचा कागद काढून तो आकडा वाचावा.

आता चुकीच्या जागांकडे. पहिली जागा गर्भ राहण्याच्याही आधी येते.

लग्न झालेली जोडपी इथे बहुधा करवर्ग तीन आणि पाच घेतात, नवऱ्याला तीन आणि बायकोला पाच. महिन्याला हातात येणारी रक्कम त्याने वाढते, पण पाच नंबरच्या वर्गात बायकोचा निव्वळ पगार कागदावर खूप खाली जातो आणि तिचं एल्टर्नगेल्ड त्याच आकड्यावर ठरतं. हिशेबाच्या १२ महिन्यांपैकी जास्त महिने जो वर्ग होता, तो धरतात. म्हणजे किमान सात महिने आधी बदल लागू व्हायला हवा. एक उदाहरण धरू. बाळंतपणाची तारीख ९ मे. मुटरशुट्झ, म्हणजे आईची बाळंतपणाची कायदेशीर रजा, सहा आठवडे आधी, २८ मार्चला सुरू होते. आईच्या हिशेबाचे महिने आदल्या मार्चपासून फेब्रुवारीपर्यंत. त्यात सात महिने भरायचे तर नवा वर्ग ऑगस्टपासून लागू हवा, म्हणजे अर्ज जुलैत. आणि ९ मेच्या बाळाची चाचणी पॉझिटिव्ह येते ऑगस्टच्या शेवटी! बातमी कळल्यावर धावपळ केली तर ऑक्टोबरपासून बदल लागतो आणि पाचच महिने हाती येतात. म्हणून 'आता विचार करू या' असं ज्या महिन्यात ठरतं, त्याच महिन्यात एल्स्टर या कर खात्याच्या संकेतस्थळावरून वर्ग चार-चार करून टाकावा. वर्षाचा एकूण कर त्याने बदलत नाही, विवरणपत्रात सगळं सरळ होतं.

पुण्याहून किंवा हैदराबादहून नुकतं आलेल्यांसाठी आणखी एक खाच आहे. हिशेबात जर्मनी आणि युरोपीय संघ वगैरे देशांतलंच करपात्र उत्पन्न धरतात. भारतातला पगार शून्य मोजला जातो, पण भागाकार मात्र बारानेच होतो. ऑक्टोबरमध्ये आलेल्या आणि ९ मेला बाळ होणाऱ्या आईचे पाच महिन्यांचे पगार बारावर पसरतात. वडिलांचे महिने जन्माच्या महिन्याच्या आधीचे बारा, म्हणून त्यांचे सात भरतात. अशा घरात वडिलांचं एल्टर्नगेल्ड आईपेक्षा बरंच जास्त निघू शकतं, आणि कोणी किती महिने घ्यावेत याचं उत्तर बदलतं. बोनस आणि ख्रिसमसचा जादा पगार मात्र कुणाच्याच हिशेबात येत नाही.

दुसरी जागा बाळाच्या महिन्यांची, आणि आमच्या मते सर्वांत महागात पडणारी. एल्टर्नगेल्ड कॅलेंडरच्या महिन्यांवर चालत नाही. बाळ ९ मेला जन्मलं तर पहिला महिना ९ मे ते ८ जून, दुसरा ९ जून ते ८ जुलै. कंपनीचा एचआर मात्र १ तारखेपासून ३० तारखेपर्यंत विचार करतो, आणि 'जूनभर सुटी घ्या, सोयीचं पडेल' असं अगदी प्रेमाने सुचवतो. तसं केलं तर काय होतं पाहा. १ ते ८ जून ही सुटी बाळाच्या पहिल्या महिन्यात पडते, ज्यासाठी आपण पैसे मागितलेलेच नाहीत. ते आठ दिवस बिनपगारी आणि बिनभत्त्याचे. ९ जूनपासूनच्या महिन्यासाठी पैसे मागितलेत, पण त्यातले १ ते ८ जुलै आपण ऑफिसात. त्या आठ दिवसांचा पगार उत्पन्न म्हणून धरला जातो आणि भत्ता कापला जातो. दोन्हीकडून नुकसान. पगारपत्रक अर्धवट महिन्याचं निघतं म्हणून एचआर कुरकुरतो, त्याला कुरकुरू द्यावं.

यात एक छोटा फायदाही लपलेला आहे. एल्टर्नत्साइटच्या प्रत्येक पूर्ण कॅलेंडर महिन्यासाठी मालक वर्षाच्या हक्काच्या रजेतून एक बारांश कापू शकतो. ९ तारखेपासून ८ तारखेपर्यंतच्या एका महिन्यात पूर्ण कॅलेंडर महिना एकही नसतो, म्हणून कपात नाही.

आईच्या पहिल्या दोन महिन्यांवर मात्र तक्त्यात काही निवड नसते. बाळंतपणानंतर आठ आठवडे मुटरशुट्झ चालतो, जुळ्यांना किंवा अकाली जन्मलेल्याला बारा. त्या काळात आरोग्य विम्याची क्रांकेनकासे दिवसाला कमाल १३ युरो देते आणि उरलेला निव्वळ पगार मालक भरून काढतो. हे पैसे ज्या महिन्यांत मिळतात ते आईचे बेझिस महिने म्हणून आपोआप खर्ची पडतात. ९ मेच्या बाळाचे आठ आठवडे ४ जुलैला संपतात, पण दुसरा महिना ८ जुलैपर्यंतचा, म्हणून तोही गेला. त्या चार दिवसांचं किरकोळ एल्टर्नगेल्ड खात्यात येतं आणि लोक चक्रावून फोन करतात. चूक झालेली नसते.

आता बाबाचे दोन महिने. मराठी मंडळींत पूर्वी एक ठरलेली चाल होती: आईच्या महिन्यांसोबतच वडिलांचे दोन महिने घ्यायचे आणि बाळाला घेऊन भारतात जायचं. बारसं, जावळ, आजी-आजोबा, सगळं त्यात उरकायचं. १ एप्रिल २०२४ पासूनच्या जन्मांना ही चाल पूर्वीसारखी चालत नाही. दोघांनी एकाच वेळी बेझिस घ्यायचं तर फक्त एक महिना, तोही पहिल्या बारा महिन्यांतला. जुळी आणि अकाली जन्मलेली मुलं वगैरे काही अपवाद आहेत. बाकीचा बेझिस महिना वडिलांनी आई बेझिसवर नसताना घ्यायचा.

या बदलावर ओळखीत बरीच नाराजी आहे. आम्हाला तो आवडतो. दोघं घरी असताना बाबा मदतनीस असतो: डबा गरम कर, गाडी ढकल, बाटली आण. बाळाचं वेळापत्रक आईच्या डोक्यात राहतं आणि बाबाला कामं सांगितली जातात. आई सकाळी आठला ऑफिसला गेली आणि संध्याकाळपर्यंत घरात दुसरं कुणी नाही, असे चार आठवडे गेल्यावरच डायपर संपत आलेत हे बाबाला न सांगता कळतं. आजी-आजोबांच्या व्हिसाचीही इथे सांगड घालावी लागते. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, म्हणून बहुतेक घरांत आधी आईची आई, मग सासूबाई अशी पाळी लागते. डिंकाचे लाडू आणि शेक-शेगडी यांना आमचा मुळीच विरोध नाही. फक्त बाबाच्या एकट्या महिन्यात कुणाचं तिकीट काढू नये. आजी घरात असली की बाबा पुन्हा मदतनीस होतो.

मग तो महिना कुठे बसवायचा? आमचं उत्तर: किटाच्या, म्हणजे पाळणाघराच्या, तोंडावर. १ ऑगस्ट २०१३ पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघरातल्या जागेचा कायदेशीर हक्क आहे, पण जागा रिकाम्या होतात मोठी मुलं शाळेत गेल्यावर. बर्लिनमध्ये किटाचं वर्ष ऑगस्टला सुरू होतं, बव्हेरियात सप्टेंबरला. मे महिन्यातलं बाळ ऑगस्टमध्ये पंधरा महिन्यांचं होतं आणि बेझिस चौदाव्या महिन्यालाच संपतं. इथे प्लस नावाचा दुसरा प्रकार कामाला येतो: एका बेझिस महिन्याचे दोन प्लस महिने, रक्कम निम्मी, कमाल ९००. ९ मेच्या बाळासाठी, बर्लिनच्या ऑगस्टच्या जागेवर जुळणारी मांडणी अशी बसते. आई पहिले दहा महिने बेझिस, मग अकरा ते चौदा प्लस. बाबा पहिला महिना बेझिस, आईसोबत, कारण तेव्हा दोन माणसं खरोखर लागतात. मग पंधरावा आणि सोळावा महिना प्लस, ९ जुलै ते ८ सप्टेंबर, एकटा. बेरीज: आईचे दहा अधिक दोन, बाबाचा एक अधिक एक, चौदा पूर्ण. पंधराव्या महिन्यापासून पुढे प्लसमध्ये खंड पडून चालत नाही, दोघांपैकी एकाचं तरी सलग चालू राहावं लागतं. मध्ये एक महिना सोडला की मागचं गेलं. दोन महिने घरी बसून बाबाला एकाच महिन्याचे पैसे मिळतात हे खरं, पण मूल आजारी पडून किटाची सुरुवात लांबली तर तो दुसरा महिनाच वाचवतो.

किटात रुळवण्याला आयंगव्योनुंग म्हणतात, आणि ते आपल्याकडच्या बालवाडीसारखं दारात सोडून पळणं नसतं. बरीच पाळणाघरं बर्लिन पद्धत वापरतात. पहिले तीन दिवस बाबा आणि मूल तासभर येतात. बाबाने कोपऱ्यात त्या गुडघ्याएवढ्या खुर्चीवर बसायचं. मूल आलं तर जवळ घ्यायचं, पण स्वतःहून खेळ मांडायचा नाही आणि फोनमध्येही डोकं घालायचं नाही. चौथ्या दिवशी, तो सोमवार नसेल तर, मुलाला 'मी जातो, परत येतो' असं सांगून खोलीबाहेर जायचं, कमाल अर्धा तास. रडलं आणि ताईंच्या कुशीत शांत झालं तर ठीक. दोन-तीन मिनिटांत शांत झालं नाही तर लगेच परत यायचं, आणि पुढचा प्रयत्न सातव्या दिवसाच्या आधी नाही. मुलाला चुकवून सटकणं सगळ्यात वाईट. त्यानंतर ते मूल बाबाची पँट सोडत नाही आणि आठवडा वाया जातो. ज्याने सुरू केलं त्यानेच शेवटपर्यंत यावं, मध्येच माणूस बदलू नये. म्हणूनच हे काम बाबाच्या महिन्यात असावं. आई तेव्हा नव्याने कामावर रुजू झालेली असते, तिला रोज अकरा वाजता उठून जाणं अवघड.

मालकाला द्यायच्या पत्रात तीन गोष्टी जपाव्यात. एक, वेळ. सुटीच्या सात आठवडे आधी कळवणं सक्तीचं, पण नोकरीवरून काढण्यापासूनचं संरक्षण फार तर आठ आठवडे आधीपासून मिळतं. बाबाने आनंदाच्या भरात पाचव्या महिन्यातच रीतसर पत्र दिलं, तर संरक्षणाविना महिने काढावे लागतात. तोंडी केव्हाही सांगा, पत्र मात्र त्या एका आठवड्याच्या खिडकीत द्या. दोन, सुरुवात तारखेने लिहू नये, 'मुलाच्या जन्मापासून, अपेक्षित तारीख अमुक' असं लिहावं. बाळ चार दिवस आधी आलं तरी महिने जुळतात. तीन, दोन्ही टप्पे एकाच पत्रात. पहिल्या पत्राने पुढच्या दोन वर्षांचं वेळापत्रक बांधलं जातं. त्यात एकच महिना लिहिला, तर पंधराव्या महिन्यासाठी मालकाची परवानगी लागते, हक्क उरत नाही. १ मे २०२५ पासूनच्या जन्मांना ईमेल पुरतो, आधी शाईची सही लागायची. पोच मात्र लेखी मागून घ्यावी.

कागदपत्रांत खरा अडसर जन्मदाखल्याचा. स्टांडेसआम्ट, म्हणजे जन्म-विवाह नोंदणी कार्यालय, बाळाचा दाखला देण्याआधी आई-वडिलांचे जन्मदाखले आणि विवाह प्रमाणपत्र मागतं, शपथबद्ध अनुवादकाकडून केलेल्या जर्मन भाषांतरासह. महाराष्ट्रातले जुने दाखले निव्वळ मराठीत असतात आणि मराठीचे शपथबद्ध अनुवादक इथे मोजकेच. गावाहून मराठी-इंग्रजी असा द्विभाषिक दाखला आधीच मागवून ठेवावा. ज्या जुन्या दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा कोरी आहे, त्यांच्यावर नाव चढवून घ्यायला नगरपालिकेत वेळ लागतो. लग्नानंतर बदललेलं नाव, मधलं वडिलांचं की नवऱ्याचं, पासपोर्टवर एक आणि दाखल्यावर दुसरं, यावर अधिकारी अडतोच. सहाव्या महिन्यात सगळे कागद टेबलावर मांडून नावं अक्षर न् अक्षर ताडून पाहावीत.

दाखला लांबला म्हणून एल्टर्नगेल्डचा अर्ज थांबवू नये. पैसे मागचे फक्त तीन महिन्यांचे मिळतात. अपुऱ्या कागदांचा अर्ज चालतो, उरलेले मागून जोडता येतात. सोबत लागतं ते असं: एल्टर्नगेल्डसाठी म्हणून दिलेली दाखल्याची खास प्रत, बारा महिन्यांची पगारपत्रकं, क्रांकेनकासे आणि मालक यांची मुटरशुट्झच्या पैशांची प्रमाणपत्रं, ब्लू कार्ड किंवा जे काही निवासपत्र असेल त्याच्या दोन्ही बाजू आणि सोबतचा हिरवा कागदही. सही दोघांची. एकाचीच सही असलेला अर्ज हमखास परत येतो.

पैसे करमुक्त आहेत, पण बाकीच्या उत्पन्नाचा कराचा दर ठरवताना ते धरले जातात. त्या वर्षाचं विवरणपत्र भरणं सक्तीचं होतं आणि बऱ्याचदा परतावा येण्याऐवजी कर भरावा लागतो. दर महिन्याच्या भत्त्यातून काही रक्कम बाजूला टाकत जावी.

दोघं अर्धवेळ कामावर परतणार असतील तर जोडीचा बोनसही आहे: दोघांनीही एकाच वेळी आठवड्याला २४ ते ३२ तास काम केलं तर प्रत्येकी दोन ते चार जादा प्लस महिने. कल्पना उत्तम. पण एखाद्या महिन्यात एकाची सरासरी ३३ तासांवर गेली की त्या महिन्याचे दोघांचेही पैसे परत मागतात. प्रकल्पाच्या अंतिम मुदतीच्या आसपास हे महिने ठेवू नयेत, आणि तासांची नोंद स्वतः ठेवावी.

किटा सुरू झालं की आजारपणं सुरू होतात, पहिल्या हिवाळ्यात तर सतत. सरकारी विमा असलेल्या प्रत्येक पालकाला २०२४ पासून मुलामागे वर्षाला १५ कामाचे दिवस मिळतात, बुडालेल्या निव्वळ पगाराच्या साधारण ९० टक्के भरपाईसह. आईचे १५ आणि वडिलांचे १५ वेगळे. पण हे दिवस कोण वापरतं, ते किटाच्या फॉर्मवर ठरतं. तिथे संपर्काचे दोन क्रमांक लिहायचे असतात, आणि ताप चढला की ताई वरचा क्रमांक फिरवतात. वरचा क्रमांक बाबाचा लिहावा.